विजयदुर्गचे ओटे आणि एक पिवळी रेष : एका लोकप्रिय गोष्टीची चिकित्सा

(कापूरहोळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आज आपण एका गोष्टीची चिकित्सा करणार आहोत. गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली आहे. कुणी सहलीला कोकणात गेलं असेल तर गाइडने सांगितली असेल, कुणाला दर ऑगस्टात मोबाइलवर येत असेल. ती अशी. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ त्यासाठी विजयदुर्ग किल्ल्यावर आला. दुर्बिणी ठेवायला त्याने ओटे बांधून घेतले. ते आजही आहेत, लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. ग्रहण लागलं, साहेबाने पाहिलं, सूर्याच्या कडेला पिवळी रेष दिसली आणि हेलियम सापडला. म्हणून हेलियमचं जन्मस्थान विजयदुर्ग आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन.

या गोष्टीत ग्रहण खरं आहे. साहेब खरा, ओटे खरे, रेष खरी, हेलियम तर खराच. फक्त त्या दिवशी साहेब तिथे नव्हता. १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले, पण तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये, दुसऱ्याच ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर प्रयोगशाळेत हाती येऊनही पावणेतीन वर्षं झाली होती.

आता केवळ तारखेची गफलत असती तर तिच्यासाठी तुमची संध्याकाळ घ्यायचं कारण नव्हतं. पानाच्या तळाशी एक टीप देऊन काम भागलं असतं. आमची तक्रार तारखेपेक्षा मोठी आहे. ही गोष्ट शोध म्हणजे काय याचं चुकीचं चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं करते, आणि ते करता करता आपल्याच पुण्यातल्या एका माणसाला झाकून टाकते. तिसरं, आणि हे जरा मजेशीर आहे, ती हेलियमच्या शोधाचं श्रेय नेमकं त्या गोष्टीला देते जिच्यामुळे त्या दिवशी शोध लागू शकला नाही. म्हणजे ग्रहणाला.

तत्त्वज्ञानाच्या माणसांनी प्रकाशाच्या रेषांत नाक का खुपसावं, असं कुणाच्या मनात येईल. उलट आम्हीच खुपसायला हवं, कारण या विषयात आमच्या घराण्याची जुनी उधारी आहे. ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये ठामपणे लिहिलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही. काँत १८५७ मध्ये वारले. दोन वर्षांत उत्तर आलं. शास्त्रज्ञ मंडळी हा किस्सा आम्हाला गेली दीडशे वर्षं ऐकवतात, आणि ऐकवोत. पण काँतचं नेमकं कुठे चुकलं? पदार्थ ओळखायचा तर तो हातात यावा लागतो, भट्टीत घालावा लागतो, तोलावा लागतो, असं ते धरून चालले होते. हे अगदीच खुळचट नव्हतं. पुढे आपण पाहू की त्या म्हणण्याचा एक तुकडा शेवटपर्यंत शिल्लक राहतो.

आधी रेष म्हणजे काय ते थोडक्यात. घरी गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तो प्रकाश अरुंद फटीतून आणून लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा दिसत नाही. काळोखात एक झळझळीत पिवळी रेष दिसते. उपकरण चांगलं असेल तर तीही दुहेरी, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आता सूर्याचा प्रकाश तसाच पाहा. तिथे रंगांचा अखंड पट्टा आहे, पण त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा आहेत. फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने, हो, मुळात काचेचा कारागीर तो, १८१४ पासून त्यांचा नकाशा केला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी नावं दिली. पिवळ्या भागातली डी ही रेष दुहेरी होती. पुढे १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की सूर्यातली ती काळी जोडी आणि मिठाची पिवळी जोडी एकाच जागी बसते. तप्त वायू जो प्रकाश स्वतः सोडतो, तोच तो मागून येणाऱ्या जास्त तप्त प्रकाशातून शोषून घेतो. म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या थरात सोडियम आहे. काँतला उत्तर मिळालं.

याच दोघांनी लगोलग दोन नवी मूलद्रव्यं रेषांवरून ओळखली, १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम. इथे एक तपशील लक्षात ठेवा. निळ्या रेषा दिसल्या म्हणून बुन्सेन थांबले नाहीत. त्यांनी झऱ्याचं चाळीसेक टन खनिज पाणी आटवलं आणि त्यातून सीझियमचा थोडासा क्षार बाहेर काढला. रेष ही त्यांच्या लेखी वर्दी होती. मुद्देमाल नंतर जप्त करायचा होता.

आता १८ ऑगस्ट १८६८ कडे येऊ. त्या दिवशी चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून दक्षिण महाराष्ट्र, विजापूर, मग आंध्रचा किनारा असा गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होतं. किल्ल्यावरच्या आणि खाडीतल्या माणसांना भर दिवसा काळोख झालेला दिसला असणार, यात शंका नाही. वर्णपटदर्शक घेऊन निरीक्षक बसले होते ते मात्र इतरत्र. विजापूरला कॅप्टन हेग. जमखिंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा हा नातू. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले जॅन्सेन. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन.

त्यांच्यापुढचा प्रश्न हेलियमचा नव्हता. ग्रहणात सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाळा दिसतात, त्या ढगासारख्या आहेत की वायूच्या, हा होता. तेजस्वी रेषा दिसल्या तर वायू, अखंड पट्टा दिसला तर दुसरं काही. उत्तर स्वच्छ मिळालं. रेषा दिसल्या, त्यातल्या ठळक रेषा हायड्रोजनच्या निघाल्या. ज्वाळा वायूच्याच.

आणि त्या रेषांत एक पिवळीही होती. हेग यांना छोट्या हातातल्या उपकरणातून लालसर आणि सोनेरी असे दोन पट्टे दिसले. हर्शेल यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या, आणि नारिंगी रेषेला त्यांनी डी म्हटलं. टेनंट यांनी डी म्हटलं. सयामच्या बाजूला गेलेले फ्रेंच निरीक्षक रेये यांनीही डी म्हटलं. पॉगसन यांनी त्यातल्या त्यात सावधपणे डीवर किंवा डीच्या जवळ असं नोंदवलं. जॅन्सेन यांचं लक्ष निराळ्याच गोष्टीवर गेलं. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या. हे मोठंच काम होतं. पण पिवळी रेष नव्या पदार्थाची आहे असं जॅन्सेन यांनीही म्हटलं नाही.

मंडळी, इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख इथे आहे. त्या दिवशी या सगळ्यांनी हेलियमचा प्रकाश पाहिला. शब्दशः, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पाहणं म्हणजे शोध असेल तर हेलियमचा मान जमखिंडीला आणि विजापूरला द्यावा लागेल. (दोन्ही गावं आज कर्नाटकात आहेत, सीमावादात आणखी एक कलम घालायची आमची इच्छा नाही.) पण तो मान त्यांना कुणी देत नाही आणि ते बरोबरच आहे. कारण त्यांनी रेष पाहिली आणि तिला सगळ्यात जवळचं, सगळ्यात ओळखीचं नाव देऊन टाकलं. पिवळी आहे ना, मग सोडियम. गर्दीत पाठमोरा माणूस पाहून आपण ओळखीच्या नावाने हाक मारतो, तसं.

त्यांना दोष द्यायचा का? मुळीच नाही. पाच मिनिटांचा काळोख, त्यात ढगांची लपाछपी, हात थरथरतोय, एकाच वेळी चार रेषांच्या जागा मोजपट्टीवर वाचायच्या. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की खग्रास अवस्थेत सूर्याचा नेहमीचा वर्णपटच नाहीसा होतो. म्हणजे ज्या काळ्या डी रेषेशी ताडून पाहायचं तीच समोर नाही. काळोखात लटकणारी एक पिवळी रेष, आणि तुलनेला शेजारी काहीही नाही.

लॉकियर यांना हा ताप नव्हता. ते त्या वेळी लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. ग्रहणाशिवाय ज्वाळांच्या रेषा दिसाव्यात, ही कल्पना त्यांच्याही डोक्यात आधीपासून होती. उपकरण मात्र कारागिराकडून उशिरा हाती आलं. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, इंग्लंडच्या साध्या दिवसाउजेडी, त्यांना ज्वाळेच्या रेषा दिसल्या. आणि दिवसाच्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश त्याच फटीतून येत असल्यामुळे काळ्या डी रेषा शेजारीच हजर होत्या. पिवळी रेष त्यांच्यावर बसत नव्हती. आजच्या मापात तिची जागा ५८७.६ नॅनोमीटर, म्हणजे डी जोडीच्या जवळच्या रेषेपासून दीड नॅनोमीटरही दूर नाही. पण मोकळ्या वेळात, पुन्हापुन्हा, उद्या परत, असं मोजल्यावर तो फरक पक्का झाला. तिला पुढे डी-तीन म्हणू लागले, कारण सोडियमच्या दोघी डी-एक आणि डी-दोन होत्या.

म्हणजे हेलियमची रेष वेगळी म्हणून ओळखू आली ती ग्रहण नसताना. ज्या नाट्यमय क्षणाला आपण हार घालतो, तो क्षणच या ओळखीच्या आड येत होता. जॅन्सेन आणि लॉकियर या दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेलं पदक काढलं. ते पदक ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याच्या युक्तीसाठी होतं. त्यात हेलियमचा संबंध नाही. पण दोन चेहरे एका पदकावर आले आणि हेलियमचे दोन जनक अशी समजूत रूढ झाली. ही झाली युरोपची दंतकथा. दंतकथा रचण्याची मक्तेदारी काही एकट्या कोकणाची नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, तारीख २० ऑक्टोबर लिहू. तसंही चालणार नाही. डी-तीन ही सोडियमची नाही एवढंच ठरलं होतं. ती कुणाची हे ठरलं नव्हतं. लॉकियर यांनी रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब आणि उष्णता बदलून पाहिली, कारण ही हायड्रोजनचीच एखादी लहरी रेष असेल असा रास्त संशय होता. रेष काही निघेना. तेव्हा नव्या मूलद्रव्याची कल्पना आली आणि सूर्यावरून हेलियम हे नाव. १८७१ पर्यंत ते नाव जाहीर भाषणात येऊन गेलं होतं, पण कित्येक रसायनज्ञ नाकं मुरडत होते, आणि त्यांच्याकडे भक्कम कारण होतं. सूर्यात सोडियम आहे तर डीची काळी रेष दिसते. मग हेलियम आहे तर डी-तीनची काळी रेष सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात का दिसत नाही?

या प्रश्नाचं उत्तर त्या काळात कुणापाशीही नव्हतं. अणूत इलेक्ट्रॉन ठराविक पायऱ्यांवरच राहू शकतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. डी-तीन ही रेष शोषली जायची तर हेलियमचा इलेक्ट्रॉन आधीच खूप वरच्या पायरीवर, तळापासून सुमारे २० इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीवर, बसलेला हवा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन. त्या तापमानाला एवढी उंच उडी मारलेले अणू जवळजवळ नसतातच. म्हणून सूर्यात हेलियम भरपूर असूनही पृष्ठभागाच्या प्रकाशात त्याची काळी रेष उमटत नाही. कोणत्या तापमानाला कोणता अणू कोणत्या रेषा दाखवेल याचं गणित मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं आणि ताऱ्यांचे वर्णपट खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागले. १८७१ मध्ये लॉकियर यांच्यावर शंका घेणारा रसायनज्ञ अडाणी नव्हता. तेव्हाच्या ज्ञानानुसार त्याचाच प्रश्न बिनतोड होता.

कोडं सुटलं १८९५ च्या मार्चमध्ये. लंडनला विल्यम रॅमसे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून वायू काढत होते. त्यांना हवा होता आरगॉन. नळीतल्या वायूतून वीज सोडली तर एक अनोळखी पिवळी रेष आली. क्रुक्स यांनी मोजली, जागा डी-तीनची. पण गंमत पुढेच आहे. रुंगे आणि पाशेन यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा नळीतली ती रेष दुहेरी निघाली, ठळक रेषेला अगदी चिकटून एक फिकी. सूर्यातली डी-तीन तर सगळे एकेरीच समजत होते. झालं, ओळख पुन्हा धोक्यात. मग हगिन्स यांनी इंग्लंडात आणि हेल यांनी अमेरिकेत सूर्याकडे नव्याने पाहिलं आणि सूर्यातली रेषही दुहेरी निघाली. आधी कुणी तसं पाहिलंच नव्हतं, कारण पाहायचं कारण नव्हतं. आमच्या मते, शोध हा शब्द नेमका एका जागी ठेवायचाच असेल तर तो इथे ठेवावा. नळीने सूर्याला प्रश्न विचारला आणि सूर्याने नळीसारखं उत्तर दिलं. पण आम्हाला विचाराल तर तो एका जागी ठेवूच नये.

इथून खाली शिरवळकडे किंवा वर खेड शिवापूरकडे जे कारखाने आहेत त्यांत कामाला असलेली मुलं आज समोर बसली असतील. फाउंड्रीत 'स्पेक्ट्रो' काढतात ना? नमुन्यावर ठिणगी पाडायची, तिचा प्रकाश यंत्र रेषांत फोडतं, आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती हे मिनिटाच्या आत पडद्यावर येतं. ते काम करणाऱ्याला विचारा, यंत्र सकाळी सुरू केल्यावर पहिलं काय करतोस? तो सांगेल, स्टँडर्ड पीस मारून बघतो. ज्याचं प्रमाण आधीपासून माहीत आहे असा तुकडा. त्याशिवाय आलेल्या आकड्यावर सही करायची नाही. या एका सवयीत आमचा सगळा मुद्दा आहे. रेष स्वतःचं नाव सांगत नाही. तुलनेला नमुना लागतो. हेलियमचा नमुना १८९५ पर्यंत नव्हता, म्हणून सत्तावीस वर्षं हेलियम हा एक चांगला अंदाज होता. काँतच्या म्हणण्याचा शिल्लक तुकडा म्हणालो तो हा.

'अंदाज बरोबर तर आला ना!' असं कुणी म्हणेल. मग दोन अंदाज ऐका. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडलात ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेष दिसली. पृथ्वीवर कुठेच नाही. मग नवं मूलद्रव्य, नाव कोरोनियम. आणि तेजोमेघांत ५००.७ वर एक हिरवट रेष होती, तिच्यासाठी नेब्युलियम. तर्क अगदी हेलियमचाच. दोन्ही खोटे ठरले. बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. तेजोमेघाइतकी विरळ अवस्था आपल्या प्रयोगशाळेत करता येत नाही म्हणून ती रेष इथे दिसत नव्हती. तिथे नमुना नळीत मिळाला नाही, गणितात मिळाला. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, हे १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून ठरलं, आणि प्रभामंडल दहा लाख अंशांच्या घरात तापलेलं आहे ही खरी बातमी त्यातून मिळाली. तेव्हा 'रेष दिसली आणि मूलद्रव्य सापडलं' असं मुलांना शिकवलं तर ती कोरोनियमलाही पूर्ण गुण देतील.

आता पुण्याकडे वळू. इथून पुणं तासाभरावर आहे, त्यामुळे वळायला अडचण नाही.

कावसजी दादाभाई नायगमवाला, जन्म १८५७, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच कॉलेज. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. मूळ बेत वर्णपटाच्या छोट्या प्रयोगशाळेचा होता. खरेदीसाठी नायगमवाला इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या जाणत्यांनी सुचवलं की वेधशाळाच करा. सुचवणाऱ्यांत एक लॉकियर होते. पुण्याला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण ही त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती.

तर हे नायगमवाला पुण्याहून मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहत होते. त्याची ती ५००.७ ची रेष. त्या काळात लॉकियर यांचा एक भव्य सिद्धांत गाजत होता: आकाशातलं सगळं काही उल्कांच्या थव्यांतून बनलं. उल्कांत मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियमच्या ज्योतीत जवळजवळ त्याच जागी एक पट्टा दिसतो. तेव्हा तेजोमेघाची रेष म्हणजे मॅग्नेशियमचा पट्टा. दोघांच्या जागांतला फरक नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे नुसती जागा मोजून भांडण मिटणं कठीण. पण आणखी एक खूण होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला ठळक आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेला असतो. तेजोमेघाची रेष तशी आहे का? नायगमवालांनी फट रुंद केली, अरुंद केली, परिस्थिती बदलून पाहिली. रेष दर वेळी दोन्ही कडांना रेखीव. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला: मॅग्नेशियम नाही. हगिन्स आणि लिक वेधशाळेचे कीलर हेही त्याच बाजूचे होते, आणि निकाल त्यांच्याच बाजूने लागला.

यातला मोठेपणा कुठे आहे ते पाहा. हेलियमच्या बाबतीत लॉकियर यांनी जे केलं, जवळचं नाव नाकारून रेष जशी आहे तशी पाहणं, तेच या वेळी पुण्यातल्या प्राध्यापकाने केलं. आणि जवळच्या नावाला चिकटून बसले होते ते लॉकियर. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध त्या वेधशाळेने साक्ष दिली. पारतंत्र्याच्या काळात, वसाहतीतल्या कॉलेजातून. आम्हाला या माणसाचा अभिमान वाटतो, आणि त्यासाठी कुणाला कुठल्या किल्ल्यावर नेऊन बसवावं लागत नाही.

मग २२ जानेवारी १८९८. पुन्हा खग्रास ग्रहण, पुन्हा पट्टा कोकण किनाऱ्यावरून, आणि विजयदुर्ग पुन्हा त्यात. आता लॉकियर स्वतः आले, सर झालेले, हेलियमचे म्हणून जगप्रसिद्ध. ब्रिटिश आरमाराची मेल्पोमीन ही युद्धनौका मदतीला, तिच्या खलाशांना निरीक्षणाची कामं शिकवलेली, प्रिझम लावलेले कॅमेरे किल्ल्यावर मांडलेले. एवढी जड उपकरणं स्थिर ठेवायला पक्के ओटे लागतात. किल्ल्यावरचे ओटे या मोहिमेचेच, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. एकाच जागी तीस वर्षांच्या अंतराने दोन खग्रास ग्रहणं, आणि दुसऱ्या वेळी हेलियमवाला साहेब हजर. गावाच्या आठवणीत दोन्ही एकमेकांत मिसळली. यात लबाडी नाही. लोकस्मृती असंच काम करते.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला नायगमवाला आपला संच घेऊन उभे होते. लिकचे कॅम्पबेल यांचीही छावणी तिकडेच. नायगमवालांचा सविस्तर अहवाल पुढे छापून निघाला. जेऊर स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा आपल्याला यातलं काही ठाऊक नसतं. विजयदुर्गच्या ओट्यावर मात्र आपण फोटो काढून घेतो. पुढे १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. अख्खी वेधशाळा एका माणसावर टांगलेली होती, हे दुखणं आपल्याकडे तेव्हाही होतं.

'त्या गोष्टीने गावात चार पर्यटक येतात, शाळेची मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, मग तुमचं काय बिघडतं?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. स्थळाच्या अभिमानाशी आमचं भांडण नाही. कापूरहोळ हे धाराऊंचं गाव. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या बाईचं नाव या गावाने साडेतीनशे वर्षं जपलं. नाव जपणं म्हणजे काय हे आम्ही तुम्हाला सांगावं असं नाही. पण समजा, उद्या कुणी धाराऊंच्या जागी एखाद्या मोठ्या घरच्या बाईचं नाव घातलं, गोष्ट जास्त भारदस्त होते म्हणून, तर तुम्ही चालवून घ्याल का? नायगमवालांचं तेच झालं आहे. साहेबाचं नाव जास्त भारदस्त.

विजयदुर्गला खरा फलक लावला तर गावाचं नुकसान होणार नाही. त्यावर लिहावं की या किल्ल्यावरून तीस वर्षांत दोन खग्रास ग्रहणं दिसली. पहिल्या ग्रहणात याच पट्ट्यातल्या निरीक्षकांनी हेलियमचा प्रकाश पाहिला आणि त्याला सोडियम म्हटलं. दुसऱ्यासाठी लॉकियर इथे आले. आणि त्याच दुसऱ्या ग्रहणाला जेऊरहून एक पुणेकर पाहत होता. सिंधुदुर्गातल्या नववीच्या मुलीला ही गोष्ट समजते. तिला पुढचे प्रश्नही पडतात, सोडियम का म्हटलं, कळलं कधी, कळलं कसं. जुन्या गोष्टीतून प्रश्न पडत नाही, फक्त टाळी पडते.

आज आपला आदित्य एल-१ सूर्याकडे पाहतो आहे. बंगळूरला घडलेला त्याच्यावरचा व्हीईएलसी हा प्रभामंडलदर्शक ज्या रेषा टिपतो त्यांत ती ५३०.३ ची हिरवी रेष आहे, एके काळची कोरोनियमची. खोटं मूलद्रव्य गेलं, रेष राहिली, आणि आता ती तापमापक म्हणून कामाला लावली आहे. पुण्याच्या आयुकात घडलेली दुसरी दुर्बीण, सूट, त्याच यानावरून अतिनील किरणांत सूर्य पाहते. चांद्रयान-३ च्या बग्गीने २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीवर लेझर मारून गंधक ओळखलं तेही रेषांवरूनच, तुमच्या फाउंड्रीतल्या ठिणगीच्या चुलतभावाने. या सगळ्याबद्दल वेगळ्या दिवशी बोलता येईल.

प्रश्नांकडे जाण्याआधी एक काम. पुढच्या टेबलावर गॅसची शेगडी, मिठाची वाटी आणि फट पाडलेल्या खोक्यांत बसवलेल्या चार जुन्या सीडी ठेवल्या आहेत. सीडीवरच्या बारीक चऱ्या लोलकाचं काम करतात. दिवे मालवू, ज्योतीवर मीठ टाकू, आणि एकेकाने येऊन पाहावं. पिवळी रेष दिसेल. ती डी आहे की डी-तीन, हे या खोक्यातून पाहून कुणालाही सांगता येणार नाही. दीड नॅनोमीटर वेगळं करण्याइतका हा खोका बारीक नाही. जमखिंडीला हर्शेल यांच्यापुढे जे होतं ते साधारण असं. रांगेत या, लहान मुलांना पुढे घ्या, आणि शेगडीला हात लावू नका.